टेबलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून कंधारला आला होता. आजकालची मुलं गावी आली की चार्जर आधी शोधतात आणि आजोबांच्या पाया मागून पडतात. त्याचंही तसंच. रात्री जेवणं झाल्यावर तो ओसरीत मोबाईलवर काहीतरी बघत एकटाच हसत बसला होता. अण्णा (माझे वडील, वय ८१) शेजारी आरामखुर्चीत. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला आणि तेही डोकावू लागले. भाचा 'द ऑफिस' बघत होता, अमेरिकेतली ती प्रसिद्ध मालिका, आणि तीही म्हणे तिसऱ्यांदा. त्यानं आजोबांना समजावून सांगितलं : हे कागद विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस, हा येडा बॉस, हा जिम, ती फोनवर बसणारी पॅम, यांचं जुळणार आहे, आणि हा ड्वाइट, जिमचा वैरी. जिमनं ड्वाइटचा स्टेपलर जेलीत घालून ठेवला तो प्रसंग त्यानं मुद्दाम मागं नेऊन दाखवला.

अण्णांनी शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, "हे लोकं कामं कवा करतेत रे?"

आम्ही सगळे हसलो. ३४ वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसानं हा प्रश्न विचारावा याची गंमत अर्थात त्यांनाही कळत होती. पण मग ते बराच वेळ बघत राहिले. झोपायला जाताना एवढंच म्हणाले, "आमच्यावर कुणी असं काढलं न्हाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच काढलं नाही का? आपल्याकडं ऑफिसवरच्या मालिका काही कमी झाल्या नाहीत. मी आठवू लागलो, थोडं शोधलं, आणि जे हाती लागलं ते इथं मांडतोय. इतिहास म्हणा, नाहीतर आठवणींची बारनिशी म्हणा. (बारनिशी म्हणजे आवक-जावक टपालाचं रजिस्टर. आमच्या घरात हा शब्द आम्हाला मुळाक्षरांच्या आधी आला!)

मराठी माणसाला ऑफिसातला कारकून हा विनोदाचा विषय नवा नाही. पुलंच्या 'असा मी असामी'तले धोंडो भिकाजी जोशी बेन्सन जॉन्सन कंपनीत कारकून होते. वपु काळे स्वतः मुंबई महापालिकेत नोकरीला होते आणि त्यांच्या कितीतरी गोष्टींतली माणसं ऑफिसातून घरी आणि घरून ऑफिसात जाणारी आहेत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुढं त्याच पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानं. म्हणजे पांढरपेशा, भिडस्त, महिनाअखेर मोजणारा माणूस टीव्हीवर पहिल्यापासून आहे. पण तो दिसतो मुख्यतः घरात. बायको, मुलं, पाहुणे, शेजारी. ऑफिस म्हणजे तो सकाळी जिकडं जातो ती जागा.

आमच्याकडं टीव्ही आला १९८६ साली. गल्लीतला दुसरा. पत्र्यावर अँटेना, आणि वारा सुटला की ती फिरवायला मी वर. १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा आमची बैठकीची खोली रविवारी सकाळी मंदिर व्हायची हे सांगायला नकोच, सगळ्यांच्याच घरी तसं होतं. पण रामायणाच्या गर्दीव्यतिरिक्त एक माणूस आमच्याकडं नेमानं यायचा. अण्णांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे काका. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. घरातल्यांना कळेलच, बाकीच्यांनी नुसतं काका समजावं.

अण्णा आणि काका १९६८ साली एकाच आठवड्यात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. नेमणुकीचा कागद घ्यायला दोघं नांदेडला गेले होते, तिथं ओळख. सोमवारी हजर व्हायचं होतं. काका झाले. अण्णा आमच्या खेड्यात अडकले, कारण मन्याडला पूर आला आणि अलीकडचं अलीकडं, पलीकडचं पलीकडं राहिलं. काकांनी म्हणे हेडक्लार्कला सांगितलं, "पोरगं नदीच्या त्या अंगाला हाये, येतंय. नाव काटू नका." अण्णा गुरुवारी पोचले तेव्हा त्यांचं टेबल पुसून ठेवलेलं होतं. कोणी? काकांनीच.

तर हे काका आणि अण्णा मिळून १९८८ साली 'वागळे की दुनिया' बघायचे. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शहांचं दिग्दर्शन. अंजन श्रीवास्तव सेल्स क्लार्क वागळे आणि भारती आचरेकर त्याची बायको राधिका. दोघंही हसायचे ते साधारण एकाच जागी, जिथं वागळेला साहेबासमोर बोलायचं असतं एक आणि तोंडातून निघतं दुसरंच. काका मांडीवर थाप मारून म्हणायचे, "हे तर तुमचंच काढलंय की हो!" अण्णा म्हणायचे, "माझं न्हाई, तुमचं." (दोघं वीस वर्षांत अरे-तुरेवर कधी आले नाहीत. आमच्याकडं ऑफिसातल्या मैत्रीची हीच रीत. जीव द्यायचा पण अहो-जाहो सोडायचं नाही.)

वागळेनंतर १९८९ मध्ये 'मुंगेरीलाल के हसीन सपने' आली. प्रकाश झा यांचं दिग्दर्शन, मनोहर श्याम जोशींचं लेखन आणि रघुवीर यादव. ऑफिसात दबलेला माणूस डोळे मिटतो आणि स्वप्नात साहेब होतो, हिरो होतो. आता बघितलं तर लक्षात येतं की इथं ऑफिसातली चढाओढ आणि प्रेम दोन्ही आहे, पण सगळं स्वप्नात. जागेपणी फक्त फाईल. सिनेमानं यापेक्षा धीर दाखवला होता. १९७६ च्या 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकर, विद्या सिन्हा, आणि तिच्या ऑफिसातला तो स्कूटरवाला असरानी, असा सरळ त्रिकोण आहे. टीव्हीवर मात्र घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायचं, त्यामुळं ऑफिसातलं प्रेम स्वप्नातच ठेवलेलं बरं, असं काहीसं असावं.

आणि खरं सांगायचं तर तालुक्याच्या ऑफिसांत प्रेम करायला बाया होत्या कुठं? अण्णांच्या ऑफिसात १९८० च्या सुमाराला एक टायपिस्ट बाई आल्या. सगळ्या ऑफिसात त्या एकट्या. तिथल्याच एका लिपिकाशी त्यांचं जमलं. जमलं म्हणजे काय, तर तो आपला मसुदा सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचा, बाकीच्यांचे गिचमीड असायचे. एवढ्यावरून सगळ्यांनी ओळखलं :) दोघांची जात वेगळी. घरून विरोध. १९८१ साली विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरलं. त्या १९५४ च्या कायद्यात आधी नोटीस लागते, ती तीस दिवस फलकावर लटकते, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्या तीस दिवसांत कोण काय करील याचा नेम नव्हता. साक्षीदार म्हणून सह्या केल्या अण्णांनी, काकांनी आणि ऑफिसातल्या शिपाई मामांनी. तिघंही नांदेडला एसटीनं गेले आणि परत आल्यावर तिघांनीही घरी काही सांगितलं नाही. माझ्या आईला हे सहा महिन्यांनी कळलं, ते जोडपं पाया पडायला आलं तेव्हा!

अशी गोष्ट कुठल्या मालिकेत आली असती तर तेरा भाग सहज निघाले असते. आली नाही.

१९८९ साली काका आमच्याकडं यायचे बंद झाले. मुंगेरीलाल आम्ही त्यांच्याशिवाय बघितला. मी तेव्हा शाळेत होतो, मला एवढंच कळलं की अण्णांना बढती मिळाली, वरिष्ठ लिपिक झाले, आणि काका झाले नाहीत. काका तीन दिवसांनी ज्येष्ठ होते. पण विभागीय परीक्षा अण्णा आधी पास झाले होते आणि काकांचा निकाल यायचा होता. यादी वर गेली, अण्णांचं नाव गेलं, काकांचं राहिलं. पुढची जागा निघायला सहा वर्षं लागली. "साहेबांनी घाई केली," असं अण्णा सगळ्यांना सांगत. आम्हीही तेच धरून चाललो.

पुढची बारा वर्षं ते एकाच ऑफिसात होते. मध्ये बदल्या झाल्या, पण फिरून दोघं पुन्हा तिथंच. टेबलांमध्ये चार हात अंतर. बोलायचं काम पडलं तर मधे शिपाई मामा. या टेबलावरची फाईल त्या टेबलावर न्यायला मामा उठायचे आणि म्हणायचे, "दोन पावलं चालायचा मला पगार हाये." मामा रिटायर झाल्यावर पंचाईत झाली म्हणतात. मग फाईल टेबलाच्या कडेला सरकवून ठेवायची, समोरच्यानं आपण होऊन उचलायची.

तिकडं टीव्हीवर काळ बदलत होता. १९९३ मध्ये 'जबान संभाल के' आली. मूळ इंग्लंडची 'माइंड युवर लँग्वेज', १९७७ ची. आपल्याकडं ती हिंदी शिकवणीची झाली. राजीव मेहरा यांचं दिग्दर्शन आणि शिक्षकाच्या भूमिकेत पंकज कपूर. याच दोघांनी पुढं आपल्याला 'ऑफिस ऑफिस' दिली.

आता २००१ या सालाकडं नीट बघा, कारण मला हीच गोष्ट सगळ्यांत नवलाची वाटली. त्या एका वर्षात तीन मालिका आल्या. इंग्लंडमध्ये जुलै २००१ ला रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळची 'द ऑफिस'. हीच पुढं २००५ ला अमेरिकेत गेली आणि २०१३ पर्यंत चालली, भाचा बघतो ती. त्याच २००१ ला स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी', म्हणजे 'येस मिनिस्टर'चा हिंदी अवतार, फारूख शेख मंत्री. आणि सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस'. सब म्हणजे श्री अधिकारी ब्रदर्स, आपले गौतम आणि मार्कंड अधिकारी. उषाजींच्या भूमिकेत आपली आसावरी जोशी.

तिघींचा विषय एकच, ऑफिस. पण कॅमेरा कुठं ठेवला ते बघा. इंग्लंडवाल्यांनी तो टेबलांच्या मधोमध ठेवला, कामगार काय बोलतात, कुणाकडं चोरून बघतात ते टिपायला. 'जी मंत्रीजी'नं तो मंत्र्याच्या खोलीत ठेवला. आणि 'ऑफिस ऑफिस'नं तो रांगेत उभा केला, मुसद्दीलालच्या खांद्यावर.

मुसद्दीलाल हा रिटायर झालेला हेडमास्तर. प्रत्येक भागात वेगळ्या ऑफिसात जातो, पण समोर माणसं तीच : देवेन भोजानीचा पटेल, मनोज पाहवाचा समोसे खाणारा भाटिया, संजय मिश्राचा पान चघळणारा शुक्ला, हेमंत पांडेचे पांडेजी आणि उषाजी. बँक असो, दवाखाना असो, वीज कंपनी असो, नावंसुद्धा तीच. लेखक अश्विनी धीर यांची ही युक्ती मला फार मोठी वाटते. तुम्ही कुठंही जा, समोर तोच माणूस भेटणार, हे एकही भाषण न देता सांगून टाकलं. २००१ साली घराघरांत ऑफिस या शब्दाचा अर्थ हाच होता. आपण आत काम करतो ती जागा नव्हे, तर आपलं काम अडलंय ती जागा. म्हणून आपला विनोद काऊंटरच्या अलीकडून आला. इंग्लंड-अमेरिकेचा पलीकडून.

अण्णा २००२ ला रिटायर झाले आणि केबलवर 'ऑफिस ऑफिस' बघू लागले. आम्ही हसायचो, ते कधी हसायचे, कधी उठून जायचे. एकदा म्हणाले, "याच्यात एक चूक हाये. हे पाच जण एकमेकांचे किती दोस्त आहेत बघ. खरं तसं नसतंय. खाणारे बी आपसात भांडतेत आणि न खाणारे बी."

तेव्हा मी ते नुसतं ऐकून सोडलं.

नोव्हेंबर २००३. पेन्शनवाल्यांना तेव्हा दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागायची, हयातीचा दाखला म्हणतात तो. मी अण्णांना घेऊन गेलो होतो. मोठी रांग, सगळे धोतर-टोपीवाले आणि निवृत्त मास्तर. पुढं काका उभे. चौदा वर्षं न बोललेले. त्यांनी मागं वळून अण्णांना बघितलं, थोडा वेळ तसेच बघत राहिले आणि म्हणाले, "या मुसद्दीलाल, या. जित्ते आहात का?"

अण्णा म्हणाले, "कागदावर तर हावो अजून."

आणि दोघं हसले. बस्स. एवढंच. त्यानंतर दर नोव्हेंबरला ते एकत्र जायचे आणि येताना किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं चालत, चहा पिऊन परत यायचे. २०११ ला याच मालिकेवर 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' हा सिनेमा आला. त्यात कागदोपत्री मेलेल्या मुसद्दीलालला स्वतःला जिवंत सिद्ध करावं लागतं. मी दोघांना तो सीडीवर दाखवला. काका म्हणाले, "आपलं आधीच करून झालंय."

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००३ मध्येच सोनीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' आली. मूळ कोलंबियाची 'बेट्टी ला फेआ', १९९९ ची. मोना सिंगची चष्मा-ब्रेसेसवाली जस्सी आणि गुलमोहर फॅशन हाऊस. इथं ऑफिसातलं प्रेम स्वप्नातून जागेपणी आलं, कारण ऑफिस खाजगी झालं, तिथं मुली कामाला लागल्या होत्या आणि घरी बसून बघणाऱ्या बहिणींनाही तिथं जायचं होतं. मराठीत २०१४ ला झी मराठीवर 'का रे दुरावा' आली. नवरा-बायको एकाच ऑफिसात, पण नोकरी टिकवायला लग्न लपवतात. माझ्या आईला ती मालिका फार आवडायची. "आपल्या टायपिस्टबाईंचं उलटं," असं ती म्हणायची. २०१९ ला हॉटस्टारवर 'द ऑफिस'चा हिंदी अवतारही आला, फरिदाबादची विल्किन्स चावला कंपनी. मुकुल चड्ढा बॉस. तोवर आपली मुलं मूळ अमेरिकन मालिकाच बघत होती, त्यामुळं त्याचं फार काही झालं नाही. आणि २०२१ ला सब टीव्हीवर सुमीत राघवनला घेऊन वागळेची पुढची पिढीही आली.

म्हणजे अण्णा म्हणाले ते खरं आहे. वागळे घरात राहिला, मुंगेरीलाल स्वप्नात, मुसद्दीलाल रांगेत आणि जस्सी फॅशन हाऊसमध्ये. तालुक्याच्या कचेरीत, टेबलाच्या पलीकडं, तीस-तीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसांचं आपसात काय चालतं, ते कुणी काढलं नाही. मालिकेत जिम आणि ड्वाइटचं वैर पुढच्या भागात पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. इथं बिऱ्हाड एका गावात, बाजार एक, लग्नाच्या पंगती एक, आणि पेन्शनची रांगसुद्धा एकच.

काका २०१६ साली गेले.

या दिवाळीत, भाचा पुण्याला परत जायच्या आदल्या रात्री, अण्णांनी त्याला पुन्हा तो मोबाईल लावायला सांगितला. "त्या चष्मेवाल्याचा स्टेपलर दाखव." बघून झाल्यावर ते आमच्याकडं न बघता म्हणाले, "यादी साहेबांनी न्हाई पाठवली. आस्थापनाचं टेबल माझ्याकडं होतं. टिपणी मीच ठेवली. यांचा निकाल आठ दिवसांत येणार हे मला माहीत होतं."

कुणी काही बोललं नाही. भाच्यानं विचारलं, "पण आजोबा, नियमात बसत होतं ना?"

"बसत होतं की. पण थांबायला बी मनाई नव्हती." मग जरा वेळानं, "माझ्यासाठी ते तीन दिवस थांबले होते. पुरात."

मी विचारलं, काकांना हे माहीत होतं का? अण्णा म्हणाले, "टिपणीवर अक्षर कुणाचं आहे ते ओळखू येत न्हाई व्हय? वीस वर्षं शेजारी बसलेला माणूस."

म्हणजे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "साहेबांनी घाई केली" हे अण्णा गावभर सांगत होते तेव्हाही, आणि बँकेच्या रांगेत त्यांनी मागं वळून "जित्ते आहात का" विचारलं तेव्हाही. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि रांगेतल्या त्या दिवसानंतर तेरा वर्षं बरोबर चहा पिताना अण्णांनीही काढलं नाही. मी विचारलं, एकदा तरी बोलायचं ना? अण्णा म्हणाले, "बोलणार होतो. दर नोव्हेंबरात."

दुसऱ्या दिवशी भाचा गेला. जाताना आजोबांच्या मोबाईलवर ती मालिका लावून देऊन गेला. अण्णांना इंग्रजी बोलणं पटकन कळत नाही, पण बघतात. परवा म्हणाले, तो चष्मेवाला ड्वाइट मनानं वाईट नाही, कामाला चोख आहे.

असो. या नोव्हेंबरात अण्णांना दाखल्याला मी घेऊन गेलो. येताना त्यांनी खंदकाच्या कडेनं गाडी न्यायला सांगितली, आणि त्या चहाच्या टपरीसमोर आम्ही थोडा वेळ थांबलो.